शरच्चंद्रांच्या कथनभाषेचे दोन स्तर आणि मराठी अनुवाद

शरच्चंद्र चट्टोपाध्याय (१८७६–१९३८) यांच्याविषयी मराठीत एक अभिप्राय दीर्घकाळ रूढ आहे. ते करुणेचे कादंबरीकार होत, स्त्रीहृदयाचे जाणते होत, परंतु त्यांच्या वाङ्मयात अश्रू फार, असे आपण म्हणतो आणि पुढच्या लेखकाकडे वळतो. पदव्युत्तर वर्गातील निबंधांतही हा अभिप्राय जवळजवळ त्याच शब्दांत उतरतो. त्याच्या खरेखोटेपणाचा निकाल लावणे हा येथील उद्देश नाही. तो ज्या ग्रंथांवरून बनला ते मराठी ग्रंथ आहेत, बंगाली नव्हेत, एवढी साधी गोष्ट मात्र आपण ध्यानात घेतलेली नाही. मराठी वाचकाला भेटलेले शरच्चंद्र हे मराठी वाक्यरचनेतून, मराठी सर्वनामांतून आणि मराठी क्रियापदाच्या लिंगवचनातून गाळून आलेले शरच्चंद्र आहेत. या गाळणीत काय राहिले व काय निसटले, याचा भाषिक अंगाने थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार सिंधुदुर्गातून करण्यास एक औचित्य आहे. शरच्चंद्रांना मराठीत आणण्याचे काम ज्यांच्या नावाशी मुख्यतः निगडित आहे ते भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर (१८८३–१९६४) यांचा जन्म चिपळूणचा. शिक्षण मालवण व रत्नागिरी येथे झाले आणि पुढे त्यांनी टपाल खात्यात नोकरी केली. मालवणच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, ते अर्थात नाटककार म्हणून. ‘सत्तेचे गुलाम’, ‘सोन्याचा कळस’ ही नाटके लिहिणारे, १९४४ च्या धुळे येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पुढे राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य, हे वरेरकर सर्वांस ठाऊक असतात. बंकिमचंद्र आणि शरच्चंद्र यांचे अनुवादक वरेरकर मात्र वाङ्मयेतिहासात एका वाक्यात आटोपले जातात. वस्तुतः मराठी मध्यमवर्गीय घरांत शरच्चंद्र पोहोचले ते प्रथम या अनुवादांच्या द्वारे. चित्रपटाचा मार्ग हा दुसरा. १९३५ चा ‘देवदास’ इतका प्रभावी ठरला की व्ही. शांताराम यांच्या १९३९ च्या ‘माणूस’कडे त्याला दिलेले उत्तर म्हणून पाहिले गेले.

शरच्चंद्रांच्या चरित्रातील एकच धागा येथे उपयोगी आहे. त्यांचा जन्म हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूरचा. परंतु बालपणाचा आणि तारुण्याचा मोठा भाग गेला तो बिहारमधील भागलपूर येथे, आजोळी. दारिद्र्यामुळे महाविद्यालयीन शिक्षण अपुरे राहिले. १९०३ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले आणि रंगून येथे हिशेबखात्यात कारकुनी करीत १९१६ पर्यंत राहिले. ज्या वर्षी त्यांनी देश सोडला त्याच वर्षी ‘मंदिर’ या त्यांच्या कथेला कुंतलीन पुरस्कार मिळाला. कथा मात्र त्यांनी मामा सुरेंद्रनाथ यांच्या नावाने पाठविलेली होती. १९०७ मध्ये ‘भारती’ मासिकात ‘बडदिदि’ येऊ लागली तेव्हा आरंभी लेखकाचे नाव नसल्याने ती रवींद्रनाथांची असावी असा अनेकांचा समज झाल्याचे प्रसिद्ध आहे. बंगालच्या ग्रामीण कुटुंबजीवनाचा हा चित्रकार घडला तो बंगालबाहेर. घरात बोलली जाणारी बंगाली त्याच्या कानात होती, ग्रंथातील बंगाली डोळ्यांसमोर होती. आणि भोवताली भाषा तिसरीच. दोन स्तर एकमेकांत न मिसळता जपण्याची जी दक्षता त्याच्या लेखनात दिसते तिचे मूळ या परिस्थितीत असावे, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

हे दोन स्तर म्हणजे साधुभाषा आणि चलितभाषा. साधुभाषेत ‘करियाछे’, ‘याइतेछि’, ‘ताहार’ अशी पूर्ण रूपे येतात. चलितात तीच ‘करेछे’, ‘याच्छि’, ‘तार’ अशी आखूड होतात. भेद मुख्यतः क्रियारूपांचा व सर्वनामांचा आहे. साधुभाषा ही कोण्या प्रदेशाची वा जातीची बोली नव्हे. ती एकोणिसाव्या शतकात स्थिरावलेली लेखनभाषा होय, आणि ती घरात कोणीही बोलत नसे. फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये भाषाद्वैताची जी कल्पना मांडली ती येथे जशीच्या तशी लावता येणार नाही, कारण पुढे चलिताने लेखनाचे क्षेत्रही जिंकले. तथापि शरच्चंद्रांच्या काळापुरती ती दिशादर्शक आहे. १९१४ मध्ये प्रमथ चौधुरी यांनी ‘सबुजपत्र’ काढून चलिताचा कैवार घेतला आणि रवींद्रनाथांनी ‘घरे बाइरे’ त्या भाषेत लिहिली. शरच्चंद्र या चळवळीत सामील झाले नाहीत. ‘पल्लीसमाज’ (१९१६), ‘चरित्रहीन’ (१९१७), ‘गृहदाह’ (१९२०) यांचे कथन साधुभाषेत आहे आणि पात्रांचे संवाद चलितात. त्यांची साधुभाषा बंकिमचंद्रांइतकी जडभारी नाही, वाक्ये लहान आहेत, संस्कृत समास विरळ. पण क्रियारूप मात्र त्यांनी सोडलेले नाही.

हा केवळ जुनेपणा होता काय? तसे म्हणणे सोपे आहे. परंतु १९१८ मध्ये आलेली ‘स्वामी’ ही कथा त्या उत्तराच्या आड येते. ही कथा सौदामिनी नावाची विवाहिता स्वतः सांगते. नास्तिक मामाच्या छायेत वाढलेली, नरेनवर मन जडलेली आणि घनश्याम या वैष्णववृत्तीच्या गृहस्थाशी लग्न झालेली ही स्त्री आपली गोष्ट आरंभापासून चलितभाषेत सांगते. त्याच सुमारास ‘श्रीकांत’चा पहिला भाग (१९१७) आला. तेथेही निवेदन प्रथमपुरुषी आहे, पण निवेदक पुरुष, भटका, आयुष्याच्या उतारावर आठवणी लिहावयास बसलेला. आणि त्याची भाषा साधु आहे. म्हणजे प्रथमपुरुष आला की चलित, तृतीयपुरुष असला की साधु, असा यांत्रिक नियम शरच्चंद्रांचा नव्हता. श्रीकांत लिहितो, सौदामिनी बोलते. कथन करणाऱ्याचे भाषेशी नाते काय आहे, हे पाहून त्यांनी स्तर निवडला आहे. याहून अधिक स्पष्ट पुरावा त्यांच्या जाणीवपूर्वकतेचा दुसरा कोणता हवा?

मराठी वाचकाला सौदामिनी नवी वाटू नये. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणुकी’त येऊ लागली तेव्हाच यमूने आपली कहाणी घरगुती मराठीत सांगावयास घेतली होती. स्त्रीनिवेदिका आणि बोलीच्या जवळची भाषा यांची सांगड मराठी कादंबरीने बंगालीच्या अगोदर घातली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु प्राथम्याचा असला वाद फारसा फलदायी नसतो. महत्त्वाचे एवढेच की मराठीत ही साधने होती.

आणखीही एक साधन होते, ज्याकडे आपण व्याकरणाचा किरकोळ प्रश्न म्हणून पाहतो. ‘त्याने घर बांधले’ आणि ‘त्यानं घर बांधलं’ यांतील भेद शुद्धलेखनाचा नाही, तो कथनस्तराचा आहे. मराठी कादंबरीत पुष्कळ काळपर्यंत निवेदन एकारान्त आणि संवाद अनुस्वारयुक्त राहिले; साहित्य महामंडळाच्या नियमांनीही पात्रांच्या तोंडच्या भाषेसाठी अनुस्वारान्त रूपांस मोकळीक दिली. साधु आणि चलित यांमधील अंतराच्या मानाने ही फट अगदी अरुंद आहे. ‘ताहार’ आणि ‘तार’ यांसारखा सर्वनामांतील भेद मराठीत नाही. क्रियापदाच्या शेवटच्या स्वरापुरताच काय तो फरक. तरी ती फट आहे, आणि अनुवादकाने ती सांभाळली तर निवेदक व पात्र यांच्यामध्ये वाचकाला उभे राहावयास थोडी जागा मिळते.

ही जागा का लागते? शरच्चंद्रांचे प्रसंग स्वभावतःच भावाकुल असतात. ‘बिंदूर छेले’तील बिंदू जावेच्या मुलाला आपला मानून वाढविते आणि क्षुल्लक कारणावरून घर दुभंगते, ‘रामेर सुमति’तील नारायणी नवऱ्याच्या सावत्र भावाला पोटाशी धरते. या कथांत पात्रे रडतात, रागावतात, जेवण टाकतात. परंतु हे सर्व सांगणारा आवाज साधुभाषेच्या किंचित अलिप्त चालीने चालतो. पात्र ओसरीवर रडते, निवेदक अंगणापलीकडे उभा असतो. मराठीत दोन्ही आवाज एका पातळीवर आले की निवेदकही ओसरीवर येऊन बसतो आणि पात्राबरोबर रडू लागतो. ज्याला आपण शरच्चंद्रांचा भावविवशपणा म्हणतो त्याचा एक भाग, सर्व नव्हे, या सपाटीकरणातून उत्पन्न झालेला आहे.

सर्वनामांचा प्रश्न याहून बिकट आहे. बंगालीत मध्यमपुरुषाच्या तीन पायऱ्या आहेत: ‘तुइ’, ‘तुमि’, ‘आपनि’. मराठीतही ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या तीन आहेत असे वरवर वाटते. पण हा भास आहे. मराठी ‘आपण’ दरबारी व औपचारिक, नित्य व्यवहार चालतो तो दोनच पायऱ्यांवर. बंगाली ‘तुमि’ ही मधली पायरी मराठीत नाहीच. ‘गृहदाह’तील महिम आणि अचला हे पतिपत्नी परस्परांस ‘तुमि’ म्हणतात. बंगाली भद्रसमाजात ही रूढ रीत. नवऱ्याचे नाव बायको घेत नाही, हे खरे, पण सर्वनाम दोघांचे एक. शरच्चंद्रांच्या काळचे मराठी दांपत्य असे बोलत नसे. तो ‘तू’ म्हणे, ती ‘तुम्ही’, आणि हाक मारताना ‘अहो’. अनुवादकाने मराठी रीत पाळली की महिमाच्या वाक्यात अधिकार आणि अचलेच्या वाक्यात नम्रता शिरते. मूळ वाक्यात दोन्ही नसतात. अचला ही ब्राह्मो घरातील शिकलेली मुलगी. पतीचा मित्र सुरेश आणि पती यांच्यामध्ये तिचे मन हेलकावते, आणि ती पतीला प्रश्न करते तो बरोबरीच्या सर्वनामाने. मराठीत तोच प्रश्न पायरी उतरून विचारला जातो. दोघांच्या तोंडी ‘तू’ घालावे, तर ते १९२० च्या सुमारास विचित्र दिसले असते; आज दिसणार नाही. शरच्चंद्रांचे नवे मराठी अनुवाद का व्हावेत याला हे एक कारण पुरेसे आहे. पतिपत्नींच्या संबोधनात गेल्या दोन पिढ्यांत झालेला बदल मराठीला या एका बाबतीत मूळ बंगालीच्या अधिक जवळ घेऊन गेला आहे.

उलट दिशेने मराठीची श्रीमंतीही आड येते. बंगाली क्रियापदाला लिंग नाही. ‘से’ म्हणजे तो आणि ती दोन्ही. मराठीत ‘गेलो’ किंवा ‘गेले’ म्हणताक्षणी बोलणारा पुरुष की स्त्री हे उघड होते. त्यामुळे ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे पुच्छ न लावता लांबलचक संवाद चालविणे मराठीला साधते, हा लाभ. परंतु व्यक्ती कोण हे क्षणभर झाकून ठेवण्याची बंगालीतील सोय नाहीशी होते.

तत्सम शब्द हा तर अनुवादकाचा सख्खा शत्रू. ‘चेष्टा’ म्हणजे बंगालीत प्रयत्न, मराठीत थट्टा; हा सापळा ढोबळ आहे, त्यात सहसा कोणी सापडत नाही. ‘अभिमान’ हा सापळा खोल आहे. मराठीत अभिमान म्हणजे स्वतःच्या थोरवीची जाणीव. बंगालीत अभिमान म्हणजे ज्याच्यावर प्रेम आहे त्यानेच दुखावले म्हणून मनात धरलेला, न बोललेला रोष. ही भावना परक्याविषयी उत्पन्न होत नाही. तिला माया हा पाया लागतो. बिंदूचा संताप, ‘पल्लीसमाज’मधील रमेचे मौन, पार्वतीने देवदासापुढे राखलेला ताठा, यांचा अर्थ या एका शब्दावाचून लागत नाही. शरच्चंद्रांच्या वाङ्मयाचा स्थायीभाव कोणता असे विचारले तर करुण असे न म्हणता अभिमान असे उत्तर द्यावे लागेल. मराठीत ‘रुसवा’ लहान मुलाचा, ‘राग’ सर्वसाधारण, ‘मान’ पंडिती. शब्द तसाच ठेवला तर रमा गर्विष्ठ ठरते, ‘रुसवा’ म्हटले तर पोरकट. रमेला रमेशाविषयी जे वाटते ते तिने शेवटपर्यंत उघड होऊ दिले नाही आणि ती विश्वेश्वरीबरोबर काशीला निघून गेली. या निर्गमनात हताशपणाइतकाच अभिमान आहे, आणि तो मराठी वाचकाच्या पदरी पडत नाही.

नातेवाचक शब्दांनी मात्र मराठीला उत्तम साथ दिली. बंगाली ‘जा’ व मराठी ‘जाऊ’ (संस्कृत यातृ), ‘ननद’ व ‘नणंद’, ‘देओर’ व ‘दीर’ ही सख्खी भावंडे आहेत. एकत्र कुटुंबाचे रणांगण दोन्ही भाषांत एकाच शब्दांनी आखलेले आहे. येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. आमच्या किनाऱ्यावर, विशेषतः गौड देशातून आल्याची परंपरा सांगणाऱ्या घरांत, कोकणी-मालवणी आणि बंगाली या जवळच्या बहिणी असल्याचा समज आहे. मासे, भात आणि ओकाराकडे झुकणारा उच्चार हा त्याचा आधार. असल्या साम्यावरून भाषांचे कूळ ठरत नाही. वर दिलेले शब्द गुजराती-हिंदीतही थोड्याफार फरकाने सापडतात. शरच्चंद्र कोकणी वाचकाला आपले वाटले असतील तर त्याचे कारण तळी, बांबूची बेटे आणि भाऊबंदकी यांत शोधावे, ध्वनिविचारात नव्हे.

आता मालवणीचा प्रश्न. ज्या अनुवादकाने मालवणात शिक्षण घेतले त्याच्या हाती ‘माका’, ‘तुका’, ‘खंय जातंस’, ‘सांगल्यान’ अशा रूपांची एक पूर्ण बोली होती, आणि शरच्चंद्रांच्या खेडुतांच्या तोंडी ती घालता आली असती, हा विचार मनात येतोच. तरी अनुवादाची त्या काळची मराठी परंपरा प्रमाणभाषेच्या चौकटीबाहेर जावयास तयार नव्हती, आणि वरेरकरांचा स्वतःचा पिंडही निराळा होता. ‘विधवाकुमारी’ (१९२८) लिहिणारा, स्त्रीच्या बंडाचा उघड पुरस्कार करणारा हा लेखक. त्याच्या नायिका ठाम बोलतात आणि बहुधा बोलल्याप्रमाणे करतात. शरच्चंद्रांच्या नायिका पुष्कळदा बंडाच्या उंबरठ्यावर थांबतात. वरेरकरांनी आपल्याहून इतक्या भिन्न प्रकृतीच्या लेखकासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली याचे मला नेहमी नवल वाटते. पण प्रचारकाला युक्तिवाद पोहोचवावयाचा असतो, आणि त्यासाठी प्रमाणभाषा हे सोयीचे वाहन असते.

बोलीच्या मार्गात अडथळा दुहेरी आहे. साधु आणि चलित हे एकाच समाजाच्या भाषेचे दोन स्तर. प्रमाण मराठी आणि मालवणी यांमधील अंतर प्रदेशाचेही आहे. माणिक बंद्योपाध्याय यांच्या ‘पद्मा नदीर माझी’त (१९३६) कोळ्यांचे संवाद पूर्व बंगालच्या बोलीत आहेत, तेथे मालवणी हे योग्य प्रतिरूप ठरेल. शरच्चंद्रांच्या भद्रलोकांना मालवणी बोलावयास लावणे मात्र चूक होईल. दुसरा अडथळा वाचकाच्या सवयीचा. १९८० मध्ये गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर आणले आणि मालवणीला शहरी प्रेक्षक मिळाला, पण तो हसण्याची तयारी करून बसलेला प्रेक्षक. तेव्हापासून छापील पानावर मालवणी दिसली की ओठ आपोआप विलग होतात. बोलीला शोकान्तिका पेलत नाही, असे यावरून कोणी म्हणेल तर त्याने उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) पुन्हा वाचावी. निवेदन प्रमाणभाषेत, संवाद वऱ्हाडीत. आणि कौतिकच्या एकाही वाक्याला कोणी हसलेले नाही. म्हणजे मराठी कादंबरीने स्वतःपुरता हा प्रश्न सोडविला होता. अनुवादाने ते उत्तर उसने घेतले नाही.

‘महेश’ या कथेवर ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. गफूर हा गरीब मुसलमान विणकर, अमिना ही त्याची मुलगी आणि महेश हा त्याचा म्हातारा बैल. गावचे गायरान जमीनदाराने विकलेले, विहिरी-तळी आटलेली, पेंढा महाग. अखेर तहानेने वेडावलेल्या महेशावर गफूरचाच हात उठतो आणि बैल मरतो. रात्री बाप आणि लेक तागाच्या गिरणीत कामाला जाण्यासाठी गाव सोडतात. ज्या घरांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली त्या घरांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. वरेरकरांनीही गिरणगावाकडे वळून ‘धावता धोटा’ (१९३३) लिहिली आहे. या कथेत गफूर महेशाशी बोलतो ते ‘तुइ’ म्हणून, पोटच्या पोराशी बोलावे तसे. शेवटी बाभळीखाली थांबून, आकाशाकडे तोंड करून तो अल्लाशी बोलतो ते ‘तुमि’ म्हणून. स्वतःसाठी तो क्षमा मागत नाही. महेशाला ज्याने गवत आणि पाणी मिळू दिले नाही त्याला मात्र कधी क्षमा करू नकोस, एवढेच त्याचे मागणे. त्याचे शब्द खेडवळ चलितातले आहेत. त्याने तोंड वर केले आणि तो म्हणाला, हे सांगणारी क्रियापदे मात्र साधुभाषेची.

मराठीत बैलालाही ‘तू’ आणि ईश्वरालाही ‘तू’. मालवणीतही तेच, आमच्या घरांत आईला आणि आजीलाही ‘तू’ म्हणतात, तेथे या सर्वनामाला वेगळी पायरी कोठून आणणार? हा भेद भरून निघणार नाही. पण निवेदन ‘म्हणाला’ या ग्रांथिक चालीवर ठेवून गफूरच्या तोंडी ‘माका’ आणि ‘तुका’ घातले, तर कथेतील दुसरे अंतर, सांगणारा आणि सोसणारा यांमधले, राखता येते. वर्गात हा प्रयोग करून पाहिला असता विद्यार्थ्यांना पहिल्या दोन वाक्यांना हसू आले. बैल मेल्यानंतरच्या परिच्छेदात ते थांबले.